सगळ्यात वरचा ठिपका

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या कारखान्याचे साहेब. शेजारच्या कारखान्यातून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे. आजच्या सत्कारमूर्ती, निवृत्त होत असलेल्या आपल्या तपासणी विभागाच्या बाई. पहिल्या रांगेत बसलेले बाईंचे यजमान आणि त्यांची लेक. आणि भट्टी, बोगदा, तपासणी, खोकी अशा सगळ्या विभागांतून हात धुऊन, काहींनी न धुताच, इथे जमलेल्या माझ्या मित्रांनो आणि मैत्रिणींनो,

सूत्रसंचालकांनी मला सात मिनिटं दिली आहेत. माझ्याआधी तिघे बोलले, त्यांना वेळेचं बंधन नव्हतं. मलाच का, असं मी विचारलं, तर म्हणाले, “तुम्हाला ओळखतो म्हणून.” आता याला सन्मान म्हणायचा की आणखी काही, हे तुम्हीच ठरवा.

पाहुणे नवीन आहेत, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. आम्ही काचेचे ग्लास बनवतो. भट्टीतून तापलेला ग्लास निघाला की तो लगेच गार करायचा नसतो, नाहीतर तो तडकतो. म्हणून त्याला एका लांबलचक बोगद्यातून सरकत्या पट्ट्यावर हळूहळू न्यायचं. दोन तास. त्या बोगद्याच्या शेवटच्या तोंडाशी एक खोली आहे. त्या खोलीत गेली तीस वर्षं मी उभा आहे. भट्टीवाले म्हणतात, खरं काम आमचं. याने नुसतं उभं राहायचं. म्हणू देत. उभं राहणं हीसुद्धा एक कला आहे, बायकोला विचारा.

तर बाई. बाईंना कारखान्यात ‘ठिपकेबाई’ म्हणतात. बाई, तुम्हाला हे माहीत नव्हतं असं आता दाखवू नका. त्यांच्या तपासणीच्या खोलीबाहेर एक फळा आहे आणि त्यावर चौकटींचा कागद. खालच्या आडव्या रेघेवर एक गोष्ट, डावीकडच्या उभ्या रेघेवर दुसरी. समजा खाली भट्टीची उष्णता आणि उभ्या बाजूला ग्लासाची जाडी. पाळी संपली की तिथे जायचं, आपल्या पाळीची उष्णता खाली शोधायची, जाडी बाजूला शोधायची, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे पेन्सिलने एक ठिपका द्यायचा. आणि बाईंचा दंडक असा की आपला ठिपका आपल्या हाताने द्यायचा. दुसऱ्याला सांगायचं नाही. ठिपका वाईट असला तरी आपणच जाऊन द्यायचा. कितीतरी बहाद्दर पाळी संपल्यावर मागच्या फाटकाने पळायचे. दुसऱ्या दिवशी बाई फाटकातच पेन्सिल घेऊन उभ्या!

सुरुवातीला आम्ही हसायचो. एवढे ठिपके म्हणजे काय, कागदाला गोवर झालाय का? पण बाईंनी आम्हाला तो कागद वाचायला शिकवलं. ठिपके डावीकडून उजवीकडे वर चढत गेले, तर एक गोष्ट वाढते तशी दुसरी वाढते. उतरत गेले, तर एक वाढते तशी दुसरी घटते. आणि कसेही पांगले, तर त्या दोघींचा एकमेकींशी काही संबंध नाही, उगाच जुळवू नका. मग त्या दोन टाचण्या घ्यायच्या, काळा दोरा ताणायच्या आणि तो ठिपक्यांच्या मधोमध बसवायच्या, जेवढे ठिपके वर तेवढेच जवळपास खाली. ठिपके दोऱ्याला बिलगून असले तर नातं घट्ट. लांब लांब असले तर नातं आहे, पण लग्नाला बोलावण्यापुरतंच.

सामानवाल्या काकांनी एकदा तो दोरा हातात घेतला. हो, तुम्हीच काका, हसू नका. महिनाभर तडके थोडे थोडे वाढत होते. काकांनी दोरा ओढत ओढत कागदाच्या बाहेर नेला, भिंतीवर नेला, आणि जाहीर केलं की असंच चाललं तर पावसाळ्यापर्यंत शंभरात एकशे चार ग्लास तडकतील. अहो काका, शंभर बनवले तर एकशे चार तडकणार कुठून? काका म्हणाले, “ते मला विचारू नका, दोऱ्याला विचारा.” बाईंनी दोरा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, “जिथे ठिपके नाहीत तिथे दोरा नेऊ नये.”

साहेब घड्याळाकडे बघतायत. साहेब, आता तुमचीच गोष्ट येतेय. थोडं सांभाळून घ्या.

अकरा वर्षांपूर्वी आपले साहेब या कारखान्यात नवे आले. तरुण, हुशार, आणि नुकतेच दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेले. प्रशिक्षणात त्यांना रंगीत पेनांचा संच मिळाला होता. थंडीचे दिवस होते. बोगद्यातून बाहेर येणारे ग्लास तडकायला लागले होते. आधी शंभरात दोन, मग चार, मग आठ. एक मोठी मागणी तर जवळजवळ अख्खी वाया गेली. साहेबांना वरून फोन येत होते. त्याच हंगामात माझ्याशी पाळ्या वाटून घेणारा जोडीदार आजारी होता, त्यामुळे माझ्या पाळ्यांचा काही नेम नव्हता. कधी आठवड्याला चार, कधी सहा, कधी आठसुद्धा.

एके दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ठिपक्यांचा कागद. खाली ‘आठवड्यातल्या यांच्या पाळ्या’. उभं ‘शंभरात तडकलेले ग्लास’. आठ आठवड्यांचे आठ ठिपके, लाल रंगात. आणि काय सांगू मंडळी, जिन्याच्या पायऱ्या असाव्यात तसे वर चढत गेलेले! मी जास्त, तडे जास्त. मी कमी, तडे कमी.

मी म्हणालो, “साहेब, मी ग्लासाला हातसुद्धा लावत नाही. पट्टा आणतो, पट्टा नेतो. मी नुसता बघतो.”

साहेब म्हणाले, “मग तुमच्या बघण्यात काहीतरी असेल.”

म्हणजे माझी नजर लागते! आमच्या घरात तीन भाचरं या नजरेसमोर वाढली, एकालाही साधी ठेच लागली नाही, आणि इथे ग्लास तडकतायत! पण साहेबांच्या हातात कागद होता आणि माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यांनी ठरवलं होतं, पुढच्या महिन्यापासून मी खोकी विभागात. खोकी विभागातल्या बंधूंनो, राग मानू नका. तुमचं काम चांगलं, तुम्ही चांगले. पण एकोणीस वर्षं मी त्या बोगद्याच्या तोंडाशी उभा होतो. पट्ट्याचा आवाज जरा बदलला तरी मला जेवताना घास गिळवत नसे. ती माझी जागा होती. आणि तिथून मला काढणार ते का, तर मी तिथे असलो की वाईट होतं म्हणून. घरी सांगायची सोय नव्हती. सांगितलं तेव्हा बायको एवढंच म्हणाली, “तिकडे खोक्यांशी बोलाल?” आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ गप्प बसलो. आमच्या घरात बराच वेळ गप्प म्हणजे काय, हे शेजाऱ्यांना विचारा. त्यांनी दार वाजवून सगळं ठीक आहे ना असं विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाई साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. मी बाहेर बाकावर बसलो होतो, त्यामुळे ऐकू आलं. म्हणजे कान लावला होता. बाई म्हणाल्या, “साहेब, तुमचा आलेख खरा आहे. एकही ठिपका चुकीचा नाही. पण आठ ठिपक्यांवर माणूस हलवायचा नसतो. हे दोन्ही बरोबर वाढतात एवढंच यातून कळतं. एकामुळे दुसरं होतं, हे नाही कळत. मधे तिसरं काहीतरी असेल. मला दोन आठवडे द्या.”

साहेबांनी दिले. याचं श्रेय मी साहेबांना आजही देतो. रंगीत पेनं हातात असताना थांबायला मोठं मन लागतं.

मग बाई स्टूल घेऊन माझ्या खोलीच्या कोपऱ्यात येऊन बसल्या. हातात कागद, घड्याळ, पेन्सिल. बोलणं नाही, हसणं नाही. मला वाटलं, ही बाई माझ्या चुका मोजायला बसलीय. मी तोंड शिवून टाकलं. तीन दिवस मी एक शब्द बोललो नाही. तिसऱ्या दिवशी कारखान्याच्या डॉक्टरांनी येऊन माझा घसा तपासला. आणि त्या तीन दिवसांत तडे किती? शंभरात दोन!

मी छाती काढून म्हणालो, “बघा बाई! मी इथेच आहे, नजरही आहे, तडे कुठेत?”

बाई कागदाकडे बघत म्हणाल्या, “हं. आता उद्या बोला.”

“काय बोलू?”

“रोज बोलता ते.”

मंडळी, माझ्या अख्ख्या आयुष्यात एका स्त्रीने मला ‘बोला’ म्हटल्याची ही एकमेव नोंद आहे. घरी सांगितलं तर बायकोचा विश्वास बसेना. तिने बाईंना फोन करून खात्री करून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी बोललो. तीन दिवसांचं साठलेलं होतं, ते सगळं बोललो. तडे, शंभरात आठ. त्याच्या दुसऱ्या दिवशी गप्प, दोन. तिसऱ्या दिवशी बोललो, सात. म्हणजे गुन्हेगार माझी नजर नव्हती, माझी जीभ होती! मी तर खचलोच. खोकी विभाग डोळ्यांपुढे दिसायला लागला. पण बाईंनी मान हलवली. म्हणाल्या, “बोलण्याने काच तडकत नाही. नाहीतर शाळांच्या खिडक्या राहिल्या नसत्या. तुम्ही बोलता तेव्हा इथे आणखी काय होतं?”

आणि काय होतं? तुम्हा सगळ्यांना माहीत आहे काय होतं! कारण तुम्हीच होतात ते. बोगद्याच्या खोलीत परक्या विभागाच्या माणसाला आत यायला मनाई, तशी पाटीच आहे. आणि आपण सगळे नियम पाळणारी माणसं. म्हणून माझे किस्से ऐकायला जे यायचे, ते आत यायचेच नाहीत. उंबऱ्यावर उभे राहायचे. एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि पाठीने दार धरून ठेवलेलं. साहेबांनी विचारलंच तर सांगायला बरं, आम्ही कुठे आत गेलो? कधी दोघे, कधी पाच, आणि मेव्हण्याच्या शिडीचा किस्सा असला की नऊ. थंडीच्या दिवसांत ते दार सताड उघडं. वारा सरळ बोगद्याच्या तोंडात. आतून कोमट ग्लास यायचा आणि त्याला गार वारा लागला की तडक! नियम कुणी मोडला नाही, ग्लास मात्र मोडले.

पण बाई एवढ्यावर थांबल्या असं वाटतंय तुम्हाला? त्या म्हणाल्या, ऐकणारी माणसं आणि दार उघडं राहणं, दोन्ही एकदमच वाढतायत. मग दोष माणसांचा की दाराचा, हे वेगळं करून बघायला हवं. त्यांनी साहेबांच्या सहीने नऊ परवाने काढले. त्यावर लिहिलं होतं, ‘प्रयोगासाठी श्रोता’. माझ्याकडे एक अजून जपून ठेवलाय. नऊ जणांना आत घेतलं, दार लावलं आणि मला म्हणाल्या, “शिडीचा सांगा.” मी शिडीचा सांगितला. मेव्हण्याने घरापेक्षा लांब शिडी घेतली आणि ती आत न्यायला आधी भिंत पाडली, मग छप्पर, इथवर येईपर्यंत नऊ माणसं पोट धरून भिंतीला टेकली होती. तडे किती? शंभरात दोन! त्या दिवसाचा ठिपका ‘ऐकायला किती माणसं’ या कागदावर दोऱ्यापासून पार लांब, खाली तळाला जाऊन बसला.

मग शेवटचा कागद. खाली ‘दार किती मिनिटं उघडं होतं’, उभे तडे. आणि या कागदावर ठिपके दोऱ्याला असे बिलगले म्हणे, की दोरा दिसेना. बाई तो कागद घेऊन साहेबांकडे गेल्या. मी पुन्हा बाकावर, पण या वेळी आतून आवाज फारसा आला नाही. बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “तुम्ही तुमच्या जागेवर जा.” तेवढंच. आठवडाभरात दाराला दोरी, कप्पी आणि वजन म्हणून तडकलेल्या काचांनी भरलेली बादली लागली. सोडलं की दार आपोआप बंद. आणि साहेबांनी पाटी बदलली, जेवणाच्या सुट्टीत आत यायला परवानगी. म्हणून मी आजही तिथे आहे.

इथवरचा किस्सा तुम्ही माझ्याकडून पन्नासदा ऐकलाय. आता पुढचं ऐकलेलं नाही. मलाही ते गेल्या आठवड्यापर्यंत माहीत नव्हतं.

गेल्या आठवड्यात बाईंचं कपाट रिकामं करायला मी मदतीला गेलो होतो. त्यात तो शेवटचा कागद मिळाला. अकरा वर्षांत मी तो कधी पाहिलाच नव्हता, त्या दिवशी तो सरळ साहेबांकडे गेला होता ना. बघितलं तर उजव्या कोपऱ्यात, सगळ्यांपासून दूर, सगळ्यात वर एक ठिपका. दार चौतीस मिनिटं उघडं. शंभरात एकोणीस ग्लास गेलेले. तारीख त्या मोठ्या मागणीची, जी वाया गेली तिची. त्या एका दिवसामुळे साहेबांच्या कागदावरचा शेवटचा लाल ठिपका एवढा उंच गेला होता. आणि बाईंच्या कागदावर त्या ठिपक्याशेजारी, बारीक अक्षरात, एकच शब्द. ‘मी’.

मी विचारलं, “बाई, हे काय?”

बाई म्हणाल्या, “त्या दिवशी नमुने घ्यायला आले होते. नमुन्यांच्या चिठ्ठीवर मी नमुने घेतल्याची आणि तिथून परत गेल्याची वेळ लिहिते, त्यात चौतीस मिनिटांचं अंतर आहे. नमुने घेऊन निघाले होते. तुमची पाठ माझ्याकडे होती. पट्ट्याला तेल घालायला आलेल्या माणसाला तुम्ही शिडीचा किस्सा सांगत होतात. दारात थांबले.”

“चौतीस मिनिटं?”

“छप्पर पाडेपर्यंत.”

“आणि हसलात का?”

“हसले असते तर ट्रेमधले नमुने पडले असते.”

मी हसायला लागलो. मग हसता हसता थांबलो. कारण मला आठवलं, त्या वर्षी आपल्या मालकांच्या दोन्ही कारखान्यांची तपासणी बाईंकडे जायची होती. सगळं ठरलं होतं. आणि मग ते झालं नाही, ते पद दुसऱ्या कुणाकडे गेलं. मी विचारलं, “हे तुम्ही साहेबांना सांगितलंत?” बाई म्हणाल्या, “ठिपका माझा होता, मग दुसऱ्या कुणी द्यायचा?” त्यांनी तो कागद टेबलावर ठेवून सांगितलं होतं की सगळ्यात मोठं नुकसान झालं त्या दिवशी दारात मी होते. साहेब, तुम्ही मान खाली घालू नका. वरच्यांना कळवणं तुमचं काम होतं, आणि तुम्ही कळवलंत. बाईंनी तो एक ठिपका कागदावरून गाळला असता तर कुणाला कळणार होतं? तो सगळ्यांपासून लांबचाच होता. चुकून पडला असेल म्हणून खोडरबर फिरवायला कितीसा वेळ लागतो? पण तो नसता तर त्या दिवसाचा हिशेब कुणाकडे राहिला असता? माझ्याकडे. आणि मग दाराचं काहीही झालं असतं तरी त्या एका दिवसासाठी मी खोकी विभागात गेलोच असतो.

आणि मी काय केलं? बाईंना ते पद मिळालं नाही त्यावर मी एक किस्सा रचला. आठवतोय ना? मुलाखतीत विचारलं, “बाई, तुम्हाला हसता येतं का?” तर बाई म्हणाल्या, “किती मिलिमीटर?” या सभागृहात असा एकही माणूस नाही ज्याने तो ऐकला नसेल. निवृत्तीच्या समारंभात सांगितलाय, सहलीत सांगितलाय, जेवणाच्या सुट्टीत तर विचारूच नका. अकरा वर्षं सांगितला. बाई पलीकडच्या टेबलावर डबा खात असायच्या. त्यांनी एकदाही वर बघितलं नाही, एकदाही म्हटलं नाही की बाबा रे, ते तसं नव्हतं.

माझी सात मिनिटं केव्हाच संपली, सूत्रसंचालक हातवारे करून दमले आणि खाली बसले. तेव्हा आवरतो. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, हे सभागृह लावणाऱ्यांचे, चहा देणाऱ्यांचे आभार. बाईंच्या यजमानांचे आणि लेकीचे आभार, कारण अशी माणसं घरीही अशीच असतात, आणि ते सोपं नसणार.

शेवटी बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची पद्धत आहे. आजवर प्रत्येक समारंभात मी ते म्हणत आलो, आणि खरं सांगू, दर वेळी मनात यायचं की मी चुकलोय कुठे? आज मला माहीत आहे कुठे चुकलो, किती वेळा, आणि कुणासमोर. म्हणून बाकी सगळ्यांनी माझं लांबलेलं भाषण माफ करावं. आणि यापुढे तो मिलिमीटरचा किस्सा कुणी सांगायला लागलं तर त्याला तिथेच थांबवा, आणि सांगा की या बाईंना ती जागा मिळाली नाही, कारण एका बडबड्या माणसाला त्याच्या जागेवर राहू द्यायचं होतं.

बाई, मला माफ करा. मी माझ्या जागेवर आहे. तुमच्यामुळे आहे.